तिकीट खिडकी गेली, काळाबाजार उरला

खास प्रतिनिधी
रिहे (ता. मुळशी)

मुळशी तालुक्यातील गावांना करमणुकीचे दोन हिशेब पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. पहिला सुपारीचा. गावाने लोकवर्गणी काढायची, फडमालकाला सुपारी द्यायची आणि जत्रेच्या रात्री पारावर बसून साऱ्या गावाने तमाशा फुकट पाहायचा. दुसरा तिकिटाचा. फडाने कनात लावायची, दारावर माणूस बसवायचा आणि पैसे मोजून आत सोडायचे. दोन्ही हिशेबांत पैसे घेणारा समोर उभा असतो. भांडायचे झाले तर त्याच्याशी भांडता येते. रिहे, घोटवडे, पिरंगुट या पट्ट्यातील तरुण आज मोठ्या संगीत मैफलीच्या किंवा क्रिकेट सामन्याच्या तिकिटासाठी मोबाइल हातात घेऊन बसतो, तेव्हा त्याच्यासमोर कोणीच नसते. तिकिटे एकूण किती, त्यांतली प्रत्यक्ष विक्रीला किती आणि प्रायोजकांसाठी राखून ठेवलेली किती, यातले काहीही त्याला कळत नाही. त्याला कळतो तो फक्त रांगेतला आपला क्रमांक, आणि तोही बहुधा लाखांत असतो.

वाचकांना २२ सप्टेंबर २०२४ चा रविवार आठवत असेल. ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियमवरच्या कार्यक्रमांची तिकीटविक्री त्या दिवशी दुपारी बारा वाजता ‘बुक माय शो’वर सुरू झाली. कार्यक्रम १८ आणि १९ जानेवारी २०२५ चे होते. मागणी पाहून त्याच दिवशी २१ जानेवारीचा तिसरा कार्यक्रम जाहीर झाला. तिकिटांचे दर २,५०० रुपयांपासून ३५,००० रुपयांपर्यंत होते. एक कोटी तीस लाखांवर लोकांनी तिकिटासाठी प्रयत्न केला, असे कंपनीनेच नंतर सांगितले. तिकिटे हा हा म्हणता संपली आणि लगेचच परदेशी पुनर्विक्री संकेतस्थळांवर त्याच कार्यक्रमाची तिकिटे काही लाख रुपयांना मांडलेली दिसू लागली. त्यांतली किती खरी होती, हा भाग निराळा. हाती तिकीट नसतानाच ते विकायला काढायचे आणि गिऱ्हाईक सापडल्यावर शोधाशोध करायची, हीही या धंद्याची एक रीत आहे.

पुढे जे झाले ते आपल्याकडच्या नेहमीच्या क्रमानेच झाले. पोलिसांत तक्रारी झाल्या, खुद्द ‘बुक माय शो’नेही अनधिकृत विक्रेत्यांविरुद्ध तक्रार केली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना समन्स धाडले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने मुंबई, दिल्ली, जयपूर, बंगळुरू आणि चंडीगड येथे छापे घातले. उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. मोठ्या कार्यक्रमांच्या ऑनलाइन तिकीटविक्रीतील काळाबाजार रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे आखावीत, अशी मागणी तीत होती. मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठाने १० जानेवारी २०२५ रोजी ती फेटाळली. हा धोरणाचा विषय आहे, कायदा करणे हे विधिमंडळाचे आणि कार्यपालिकेचे काम आहे, न्यायालयाचे नव्हे, असा निर्वाळा खंडपीठाने दिला. आठवडाभराने कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पार पडले.

न्यायालयाचे म्हणणे घटनेच्या चौकटीत बिनतोड आहे. प्रश्न उरतो तो एवढाच की, विधिमंडळाने काही करायचे ठरवले तर त्याला ते करता येईल काय? येईल. नाट्यगृहे, चित्रपटगृहे, क्रीडा, करमणूक हे विषय घटनेच्या सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत, ३३ व्या नोंदीत आहेत. दिल्लीकडे बोट दाखवण्याची सोय येथे महाराष्ट्राला नाही.

किंबहुना राज्याकडे या विषयावर कायदाच नाही, हे म्हणणेही पूर्णतः खरे नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ नुसार सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणच्या तिकिटांची विक्री नियंत्रित करणारे किंवा तिला मनाई करणारे नियम करण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांना आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांना आहे. बृहन्मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी १९६० मध्ये केलेल्या नियमांच्या नावातच ‘मेळे आणि तमाशे’ यांचा समावेश आहे, आणि त्या नियमांखाली प्रयोगाच्या परवान्याबरोबर तिकीटविक्रीचा वेगळा परवानाही लागतो. म्हणजे साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या अधिकाऱ्यांना तिकीट विकणे हे स्वतंत्रपणे लक्ष ठेवण्याजोगे काम आहे, असे वाटत होते. मात्र त्यांच्या डोळ्यांपुढे होती ती खिडकी, खिडकीपुढची रांग आणि रांगेच्या कडेला ‘दस का बीस’ पुटपुटत फिरणारा माणूस. पुण्यात अलका किंवा विजय टॉकीजबाहेर ज्यांनी तो माणूस पाहिला आहे, त्यांना या नियमाचा आशय समजावून सांगावा लागणार नाही. तो माणूस पोलिसाला सापडत असे. हवालदाराने मनगट धरले की खिशातून तिकिटांची चळत निघे.

आज ते मनगटच नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये वानखेडेवर भारत-न्यूझीलंड विश्वचषक उपांत्य सामना झाला, तेव्हा चढ्या दराने तिकिटे विकणाऱ्याला मुंबई पोलिसांनी अटक केली होती. कोलकात्याच्या पोलिसांनीही त्याच स्पर्धेच्या वेळी गुन्हे नोंदवून आयोजकांना आणि विक्रेत्या कंपनीला नोटिसा काढल्या होत्या. पण हे सारे प्रत्येक शहराच्या हद्दीपुरते. आयुक्ताचा नियम आयुक्तालयाच्या सीमेवर संपतो. समजा, रिह्यातल्या मुलाने नवी मुंबईतील कार्यक्रमाचे तिकीट समाजमाध्यमावरून इंदूरच्या माणसाकडून घेतले आणि पैसे बंगळुरूच्या खात्यात गेले, तर कोणाचा नियम लागू होणार? खुद्द मुळशी तालुक्याचीच फोड पाहा. हिंजवडीचा भाग पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात, तर पौडकडचा भाग पुणे ग्रामीण पोलिसांकडे, जेथे कलम ३३ चे अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांचे. फसवणूक झाली असेल, म्हणजे तिकीट बनावट निघाले असेल, तर भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा नोंदवता येतो. परंतु तिकीट खरे आहे आणि फक्त दहापट दराने विकले आहे, अशा वेळी पोलीस ठाण्यातील अंमलदार काय लिहून घेणार? काळाबाजाराविरुद्धचा ‘एमपीडीए’ हा कठोर कायदा जीवनावश्यक वस्तूंच्या काळाबाजारासाठी आहे. आणि मैफलीचे तिकीट जीवनावश्यक आहे, असा दावा चाहतेही करणार नाहीत. रेल्वेच्या तिकिटाचे पाहा. अनधिकृतपणे तिकिटांचा धंदा करणाऱ्याला रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तिकिटावर प्रवाशाचे नाव असते आणि जुलै २०२५ पासून तत्काळ तिकिटाला आधारची पडताळणीही जोडली गेली. दलाल संपले असे नव्हे, पण निदान गुन्हा कोणता हे सर्वांना ठाऊक आहे.

राज्य सरकारचे या बाजारावरचे लक्ष कधी उडाले, याचे उत्तर गृह खात्यात नव्हे तर महसूल खात्यात सापडते. १९२३ च्या करमणूक शुल्क अधिनियमाखाली सरकारला प्रत्येक तिकिटामागे वाटा मिळत असे. वाटा मिळायचा म्हणून सरकार तिकिटे मोजत असे. तिकिटावर शिक्का, विकलेल्या तिकिटांचे विवरणपत्र, जिल्हाधिकारी कार्यालयातील करमणूक कर शाखा, अचानक तपासणीला येणारा निरीक्षक ही सारी व्यवस्था प्रेक्षकांच्या कळवळ्याने उभी राहिलेली नव्हती. ती तिजोरीसाठी होती. निरीक्षकांच्या तपासणीच्या सुरस कथाही जुन्या चित्रपटगृह-व्यवस्थापकांकडून ऐकायला मिळतात. परंतु ओघाने का होईना, किती खुर्च्या आणि किती तिकिटे याची नोंद सरकारदरबारी राहत असे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, करमणूक शुल्क त्यात विरघळले आणि ही नजरही निघून गेली. आता कर रकमेवर लागतो, खुर्चीवर नाही. नाटक, मैफल, मान्यताप्राप्त क्रीडास्पर्धा यांचे ५०० रुपयांपर्यंतचे तिकीट करमुक्त आहे, ही मराठी नाटकाच्या दृष्टीने मोलाची सवलत. चित्रपटाच्या शंभर रुपयांवरील तिकिटाला १८ टक्के. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलसारख्या सामन्यांना तब्बल ४० टक्के. हा कर आयोजकाच्या हिशेबाच्या वह्यांतून येतो. स्टेडियमवर कोणी तिकिटे मोजायला जात नाही. दलालाच्या नफ्यावरचा कर तर कोणाच्याच वहीत नसतो.

मधल्या काळात सरकारने हस्तक्षेपाचा एक प्रयत्न केला आणि तो न्यायालयात टिकला नाही. त्या पराभवातून शिकण्यासारखे बरेच आहे. ऑनलाइन तिकिटावर आकारले जाणारे ‘सुविधा शुल्क’ हा शहरी प्रेक्षकांचा जुना सल. घरबसल्या तिकीट काढायचे, छपाईचा कागदही आपला, आणि वर शुल्कही आपणच द्यायचे, हे अनेकांना खटकत आले आहे. ४ एप्रिल २०१३ आणि १८ मार्च २०१४ च्या शासकीय आदेशांनी राज्याने असे शुल्क घेण्यास मनाई केली. चित्रपटगृहांच्या साखळ्या आणि तिकीट कंपन्या उच्च न्यायालयात गेल्या, जुलै २०१४ मध्ये स्थगिती मिळाली आणि तब्बल अकरा वर्षांनी, १० जुलै २०२५ रोजी, न्यायमूर्ती महेश सोनक आणि न्यायमूर्ती जितेंद्र जैन यांच्या खंडपीठाने दोन्ही आदेश रद्द केले. कारण स्पष्ट होते. व्यवसायस्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, पण ते ‘कायद्याने’ घालावे लागतात. करमणूक शुल्काच्या अधिनियमात अशी मनाई करण्याचा अधिकारच सरकारला दिलेला नव्हता. मंत्रालयातून कागद काढला म्हणून तो अधिकार निर्माण होत नाही.

याच निकालात आणखी एक विचार आहे आणि त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. प्रेक्षकाला पर्याय आहे, त्याने खिडकीवर जाऊन तिकीट घ्यावे किंवा शुल्क देऊन घरबसल्या घ्यावे, असे न्यायालयाने नोंदवले. चित्रपटाच्या बाबतीत हे खरेच आहे. परंतु कोल्डप्लेसाठी खिडकी होती कुठे? एकच कंपनी, एकच संकेतस्थळ आणि एकच वेळ. जेथे पर्यायच नाही तेथे हा युक्तिवाद जसाच्या तसा लागू पडणार नाही, आणि उद्या कायदा झालाच तर त्याच्या समर्थनाचा पाया येथे रचता येईल.

अर्थात, कायदा म्हटला की आपल्याकडे पहिली कल्पना सुचते ती दर बांधून देण्याची. इतर राज्यांचा अनुभव त्याबाबत सावध करणारा आहे. आंध्र प्रदेशाने २०२१ मध्ये चित्रपट तिकिटांचे दर खाली आणले आणि विक्रीसाठी सरकारी ऑनलाइन व्यवस्थेचा कायदाही केला. चित्रसृष्टी आणि सरकार यांच्यात जाहीर संघर्ष झाला, प्रकरणे न्यायालयात गेली आणि मार्च २०२२ मध्ये दर पुन्हा वाढवून द्यावे लागले. कर्नाटकाने सप्टेंबर २०२५ मध्ये २०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आणि त्याच महिन्यात तिला उच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली. शिवाय दर बांधल्याने काळाबाजार थांबत नाही, उलट त्याला खतपाणी मिळते. वस्तू थोडी, मागणी अफाट आणि दर मुद्दाम कमी, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की मधला माणूस जन्माला येतोच. अर्थशास्त्राचे अभ्यासक तर असेही म्हणतील की, पुनर्विक्रेता काही वावगे करीत नाही. ज्याला तिकिटाचे मोल अधिक, त्याच्यापर्यंत तो ते पोहोचवतो. हा युक्तिवाद वरकरणी सरळ दिसतो, पण त्यात एक मेख आहे. पुनर्विक्रेत्याने शंभर तिकिटे यंत्राच्या वेगाने उचलली नसती, तर तीच तिकिटे छापील किमतीला रांगेतल्या शंभर जणांना मिळणार होती. टंचाई मुळात होतीच, तिचे भाडे मात्र तो वसूल करतो. कलावंताला किंवा आयोजकाला त्यातला रुपयाही मिळत नाही.

म्हणूनच जगात अलीकडे झालेले कायदे मूळ दराला हात लावत नाहीत. ते पुनर्विक्रीच्या दराला लावतात. टोकिओ ऑलिंपिकच्या तोंडावर जपानने जून २०१९ पासून तिकिटांची नफेखोर पुनर्विक्री हा कैदेची शिक्षा असलेला गुन्हा ठरवला. आयर्लंडने २०२१ मध्ये मोठ्या कार्यक्रमांची तिकिटे छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकण्यास बंदी घातली. ब्रिटन सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये तशाच बंदीची घोषणा केली. अमेरिकेने २०१६ मध्ये यंत्रमानवी प्रोग्राम, म्हणजे ‘बॉट’, वापरून तिकिटे उचलण्याला मनाई केली, पण पुनर्विक्रीचा बाजार मोकळा ठेवला. तेथील प्रेक्षकांची ओरड अजून थांबलेली नाही, याची नोंद घ्यायला हवी.

महाराष्ट्राने असे काही करायचे ठरवल्यास एक पथ्य पाळावे लागेल. तिकीट दुसऱ्याला देणे आणि तिकिटांचा धंदा करणे यांतला फरक कायद्याच्या भाषेत नीट उतरला पाहिजे. पुण्यात ‘सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवा’चे हंगामी तिकीट एकाच्या नावाने घेतले जाते आणि एक दिवस काका, एक दिवस भाचा, एक दिवस शेजारी असे ते घरोघर फिरते. त्यात कोणाचे नुकसान नाही. उलट खुर्ची रिकामी राहत नाही. आजारपणामुळे, परीक्षेमुळे, कचेरीतल्या कामामुळे जाता न आलेल्या माणसाला पैसे परत मिळण्याची वाट हवी. आज बहुतेक तिकिटांवर ‘परतावा नाही, हस्तांतर नाही’ अशी अट असते. ही अट काळाबाजार रोखण्यासाठी आहे असे सांगितले जाते, पण तिचा पहिला फटका प्रामाणिक ग्राहकाला बसतो आणि मग तोच समाजमाध्यमांवरच्या अनोळखी दलालाकडे वळतो. ज्या कंपनीने तिकीट विकले तिनेच ते छापील किमतीला परत घेऊन रांगेतल्या पुढच्या माणसाला द्यावे, एवढी सक्ती केली तरी दलालाचा निम्मा माल आटेल, असे या प्रतिनिधीचे मत आहे. त्याच्या जोडीला आयोजकाने विक्रीपूर्वी तिकिटांची संख्या जाहीर करणे बंधनकारक हवे: एकूण किती, बँकांच्या कार्डधारकांना आधी दिलेली किती, मानार्थ किती. जुन्या करमणूक कर निरीक्षकाला ही माहिती मागण्याचा अधिकार होता. आजच्या ग्राहकाला तो नसावा, याला काही तर्क नाही.

आता पुन्हा मुळशीकडे. सनबर्न हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव गोव्यातून २०१६ मध्ये पुण्याजवळ केसनंदला आला आणि २०१७ व २०१८ च्या डिसेंबरात तो याच तालुक्यात, लवळे-बावधन परिसरातील ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्टवर झाला. त्या वेळी चर्चा झाली ती मद्याची, आवाजाची, संस्कृतीची आणि चांदणी चौकातल्या कोंडीची. परवानग्यांची भेंडोळी पोलीस, महसूल, उत्पादन शुल्क अशा अनेक कार्यालयांतून फिरली. तिकिटांबद्दल मात्र फारसे कोणी विचारले नाही. शहराच्या पोटात आता मोकळी मैदाने उरलेली नाहीत. मोठे कार्यक्रम उद्या याच पट्ट्यात, पिरंगुटच्या अलीकडे-पलीकडे येणार, हे भूगोलच सांगतो. हिंजवडी येथून फार लांब नाही आणि तिकीट परवडणारा नोकरदार वर्गही तेथेच राहतो.

वस्तू व सेवा करासाठी झालेल्या २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीत एक लहानसा तपशील आहे. राज्यसूचीच्या ६२ व्या नोंदीतून करमणुकीवरील कर राज्य सरकारकडून गेला, पण पंचायती आणि नगरपालिका यांनी आकारावयाच्या करापुरता तो शिल्लक ठेवण्यात आला. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये जत्रा, उत्सव आणि अन्य करमणुकीवरील कराचा उल्लेख पूर्वीपासून आहेच. म्हणजे मंत्रालयाने गमावलेला अधिकार कागदोपत्री गावाच्या चावडीवर येऊन पडला आहे. रिह्यासारख्या गावाच्या हद्दीत उद्या पंधरा-वीस हजार तिकिटांचा कार्यक्रम झाला, तर रस्ता गावाचा अडणार, कचरा गावात पडणार आणि पाणीही याच खोऱ्यातले जाणार. हा कर लावायचा झाला तर तिकिटे मोजावी लागतील आणि मोजायची झाली तर आयोजकाकडे आकडा मागावा लागेल. ग्रामसेवकाच्या हाती तो आकडा पडला, तर कोल्डप्लेच्या वेळी एक कोटी तीस लाख लोकांना जे कळू शकले नव्हते, ते निदान एका कार्यक्रमापुरते गावाच्या सूचना फलकावर वाचायला मिळेल.